‘गंगाजळी’ : भारताच्या परकीय चलनसंचयाच्या इतिहासातील एक विचार

१

राष्ट्राजवळच्या परकीय चलनाच्या साठ्याला मराठीत ‘गंगाजळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. काशीयात्रेहून आणलेला गंगोदकाचा गडू तोंड बंद करून देवघरात ठेवावयाचा, नित्याच्या तहानेसाठी त्याला हात लावावयाचा नाही, आणि अंतकाळी किंवा तशाच एखाद्या प्रसंगी तो उघडावयाचा, हा आचार ह्या शब्दाच्या मुळाशी आहे. त्यावरून ‘सहसा न मोडावयाची शिल्लक’ हा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. प्रथम घराच्या व संस्थेच्या शिलकीला, आणि पुढे राष्ट्राच्या चलनसाठ्याला हा शब्द लागू झाला. ‘राखीव निधी’ ह्या नुसत्या पारिभाषिक पर्यायात जे नाही ते ह्या शब्दात आहे, ते म्हणजे पावित्र्य. म्हणून वृत्तपत्रात ‘गंगाजळीत वाढ’ असे वाचले की वाचकास समाधान वाटते, आणि ‘गंगाजळी आटली’ असे वाचले की अशुभाची शंका येते.

शब्द जसा अर्थ सांगतो तसाच तो अर्थाला वळणही लावतो. ‘गंगाजळी’ ह्या शब्दात तीन गृहीते न सांगता येऊन बसली आहेत. पहिले असे की ही शिल्लक आपल्या पुण्याईची, म्हणजे आपल्या कमाईची आहे. दुसरे असे की ती आपल्या देवघरात, म्हणजे आपल्या ताब्यात आहे. आणि तिसरे असे की तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. प्रस्तुत लेखात भारताच्या परकीय चलनसाठ्याचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास ह्या तीन गृहीतांच्या कसोटीवर पाहावयाचा आहे. त्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष प्रारंभीच सांगून ठेवणे बरे. चलनसाठ्याचा आकडा स्वतः फारसे काही सांगत नाही. तो साठा कोणत्या व्यवहारातून उत्पन्न झाला, त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, आणि त्याच्या समोरच्या रकान्यात कोणते देणे उभे आहे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्या आकड्यास अर्थ येत नाही.

येथे दुसऱ्या एका संज्ञेचाही उलगडा करावयास हवा. एका देशाचे इतर देशांशी वर्षभरात जे देण्याघेण्याचे व्यवहार होतात त्यांच्या ताळेबंदास मराठी अर्थशास्त्रात ‘शोधनशेष’ किंवा ‘व्यवहारशेष’ म्हणतात. ह्यातील ‘शोधन’ म्हणजे ऋणशोधन, देणे फेडून मोकळे होणे. आणि ‘शेष’ म्हणजे फेड झाल्यावर उरलेले. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर संपूर्ण शोधनशेषात तूट कधीच असू शकत नाही. दोन्ही बाजू जुळाव्याच लागतात. तूट म्हणून जी सांगितली जाते ती मालाच्या व्यापारातील किंवा चालू खात्यातील असते, आणि ती कर्जाने, परकीय भांडवलाने किंवा साठा मोडून भरून काढलेली असते. म्हणजे चलनसाठा ही ह्या ताळेबंदातील शेवटची ओळ होय. वरच्या ओळी न वाचता शेवटची ओळ वाचणाऱ्यास हिशेब कळला असे म्हणता येणार नाही.

२

ह्या इतिहासाचा आरंभ १८९३ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी सरकारने चांदीची नाणी मुक्तपणे पाडून देण्याची पद्धत बंद केली, आणि रुपया हे आतील चांदीपेक्षा अधिक किमतीचे नाणे झाले. पुढे त्याची किंमत एक शिलिंग चार पेन्स ह्या दराशी स्थिरावली. ही किंमत चांदीवर अवलंबून नसल्यामुळे ती टिकविण्यासाठी सरकारास लंडनमध्ये साठा ठेवणे प्राप्त झाले. रुपये पाडण्यात जो नफा होई त्यातून सुवर्णपरिमाण निधी उभारण्यात आला, आणि तो मुख्यतः लंडनमध्ये ब्रिटिश रोख्यांच्या रूपाने गुंतविण्यात आला.

ह्या व्यवस्थेचे साधन म्हणजे भारतमंत्र्याची हुंडी. ‘कौन्सिल बिल’ ह्या नावाने ओळखला जाणारा हा कागद आपल्या पेढ्यांवर चालणाऱ्या हुंडीच्याच जातीचा होता. भारतातून ताग, कापूस, चहा वा धान्य विकत घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यास रुपये हवे असत. तो लंडनमध्ये भारतमंत्र्यास पौंड देई व हुंडी घेई. ती हुंडी कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सरकारी खजिन्यात वटे आणि निर्यातदारास रुपये मिळत. विनिमयाच्या दरास जुन्या मराठी लेखनात ‘हुंडणावळ’ हा जो शब्द आढळतो तो ह्या दृष्टीने अगदी यथार्थ आहे, कारण रुपया-पौंडाचा दर म्हणजे प्रत्यक्षात ह्या सरकारी हुंडीचा दर होता.

आता ह्या व्यवहाराची दुसरी बाजू पाहावी. लंडनमध्ये जमा झालेले पौंड भारतमंत्र्याच्या हाती राहत आणि त्यांतून ‘होम चार्जेस’ म्हणजे कर्जावरील व्याज, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, इंडिया ऑफिसचा खर्च, लष्करी आकार इत्यादी भागविले जात. इकडे निर्यातदारास जे रुपये मिळत ते सरकारी खजिन्यातून, म्हणजे अंशतः त्याच्याच देशबांधवांनी भरलेल्या करांतून मिळत. भारताची निर्यात आयातीपेक्षा वर्षानुवर्षे अधिक होती. मालाच्या व्यापारातील ह्या आधिक्यामुळे देश श्रीमंत व्हावयास हवा होता. पण शोधनशेषाच्या पुढील ओळींत ते आधिक्य गडप होत असे. दादाभाई नौरोजी ह्यांनी संपत्तीच्या ज्या वहनाविषयी आयुष्यभर लिहिले, आणि ज्याचा विस्तृत ऊहापोह त्यांच्या १९०१ च्या ग्रंथात आहे, त्याचा हिशेबी गाभा हाच होता.

जॉन मेनार्ड केन्स ह्यांनी १९१३ मध्ये भारतीय चलनावर लिहिलेल्या आपल्या पहिल्या ग्रंथात ह्या सुवर्ण-विनिमय पद्धतीची प्रशंसा केली. देशात सोन्याचे नाणे न खेळविता, परदेशात साठा ठेवून चलनाची बाह्य किंमत सांभाळता येते, हा त्यांस काटकसरीचा व पुरोगामी मार्ग वाटला. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक मुद्दा आपल्या विवेचनास फार महत्त्वाचा आहे. आंबेडकरांचे म्हणणे थोडक्यात असे की, ह्या पद्धतीतील निधी हा इतर निधींसारखा नव्हे. येथे निधी ही मालमत्ता आणि प्रचारातील रुपये हे देणे, ही दोन्ही एकमेकांस घातक रीतीने जखडलेली आहेत. रुपये वाढविल्यावाचून निधी वाढतच नाही. निधी मोठा झाला ह्याचा अर्थ देणे मोठे झाले. तेव्हा निधीच्या वाढीवरून चलनाच्या बळाचे अनुमान काढणे म्हणजे उसनवारीवरून ऐपतीचे अनुमान काढणे होय.

ह्या पद्धतीची कसोटी लागण्याचे प्रसंग आले होतेच. १९०७-०८ मध्ये अवर्षण आणि अमेरिकेतील आर्थिक अरिष्ट एकाच वेळी आले, तेव्हा सरकारला उलट दिशेच्या हुंड्या विकून रुपया सावरावा लागला. १९२० मध्ये रुपयाचा दर दोन शिलिंगांवर टिकविण्याच्या प्रयत्नात लंडनमधील साठा मोठ्या प्रमाणावर खर्ची पडला, आणि दर मात्र टिकला नाही. पुढे १९२७ च्या कायद्याने तो एक शिलिंग सहा पेन्स ठरविण्यात आला. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले आणि रुपया पौंडास बांधलेला राहिला, तेव्हा सोन्याचा रुपयांतील भाव चढला. मंदीने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या घरचे दागिने सराफांच्या मार्फत मुंबईच्या बंदरातून बाहेर जाऊ लागले. त्या दशकात असे गेलेले सोने तीनशे कोटी रुपयांच्या घरात होते. ह्या सोन्याने शोधनशेष सुरळीत राहिला व परकीय देणी वेळेवर भागली, ही गोष्ट खरी. पण वहीत ‘निर्यात’ म्हणून जी नोंद दिसते ती वस्तुतः घरोघरची मोड होती, हेही तितकेच खरे.

३

१९३९ ते १९४६ हा कालखंड आपल्या विषयाचा मध्यबिंदू होय. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कार्यास लागली होती. तिच्या १९३४ च्या कायद्यानुसार नोटांच्या पाठीशी असणाऱ्या मालमत्तेचा दोन-पंचमांश भाग सोने व स्टर्लिंग रोखे ह्यांत ठेवणे बंधनकारक होते, आणि त्यात सोने चाळीस कोटी रुपयांहून कमी असता कामा नये असा निर्बंध होता. कायद्याच्या दृष्टीने सोने व लंडनचे रोखे ही एकाच पंक्तीची मालमत्ता ठरली होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व घडामोडी ह्या एका समीकरणावर उभ्या आहेत.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकार व हिंदुस्थान सरकार ह्यांच्यात युद्धखर्चाच्या वाटणीचा करार झाला. हिंदुस्थानने आपला शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च, भाववाढ धरून, आणि केवळ स्वतःच्या हितासाठी केलेला युद्धखर्च सोसावा. बाकीचा खर्च ब्रिटनने द्यावा, असे ठरले. वरकरणी हा करार हिंदुस्थानच्या बाजूचा वाटतो, आणि पूर्वीच्या युद्धांशी ताडून पाहता तो तसा होताही. परंतु देणे चुकविण्याची रीत अशी होती की, ब्रिटनसाठी लागणारे कापड, तंबू, धान्य, पोलाद, तसेच सैन्याच्या सोयी, ह्यांचे दाम हिंदुस्थान सरकारने येथे रुपयांत द्यावयाचे, आणि ब्रिटनने तितके पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा करावयाचे. हे पौंड ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतविले जात. आणि कायद्याने स्टर्लिंग रोखे हा नोटांचा पाया मानलेला असल्यामुळे त्यांच्या आधारे येथे नव्या नोटा निघत.

ऑगस्ट १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेजवळ सुमारे ६४ कोटी रुपयांची स्टर्लिंग मालमत्ता होती. १९४६ च्या वसंत ऋतूपर्यंत ती १,७०० कोटी रुपयांच्या वर, म्हणजे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. आणि ही वाढ हिंदुस्थानचे लंडनमधील बहुतेक सार्वजनिक कर्ज फेडून झालेली होती. शतकभराचा ऋणको सहा-सात वर्षांत धनको झाला. ह्याच काळात प्रचारातील नोटा सुमारे १८० कोटींवरून १,२०० कोटींच्या पलीकडे गेल्या. आंबेडकरांनी १९२३ मध्ये दाखवून दिलेला निधी व देणे ह्यांचा संबंध ह्याहून स्पष्ट रूपात क्वचितच दिसावा. लंडनच्या वहीतील प्रत्येक नव्या पौंडामागे येथे नवे रुपये आले होते, आणि त्या रुपयांनी विकत घेण्यासारखा माल मात्र देशाबाहेर किंवा सैन्याकडे गेला होता.

हा साठा कोणी भरला, ह्या प्रश्नाचे उत्तर भाववाढीत आहे. कर वाढवून किंवा कर्ज उभारून जेवढे मिळाले त्याच्या पलीकडील खर्च नोटांनी भागविला गेला, आणि ज्यांचे उत्पन्न भावाबरोबर वाढू शकले नाही त्यांच्या ताटातून तो वसूल झाला. भूमिहीन मजूर, मच्छीमार, गावचे कारागीर हे ते लोक होत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात चक्रीवादळ झाले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी भागातील नावा व धान्य हलविण्यात आले. परंतु अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, धान्याच्या एकूण तुटवड्यापेक्षा ते विकत घेण्याची शक्ती एका वर्गाच्या हातून निसटली हे कारण अधिक निर्णायक होते, आणि युद्धखर्चाने आलेली भाववाढ ही त्या निसटण्यामागील प्रमुख प्रेरणा होती. सरकारी चौकशी आयोगाने मृत्युसंख्या पंधरा लाख मानली. पुढील अभ्यासकांचे अंदाज वीस ते तीस लाखांच्या दरम्यान आहेत.

ह्या दोन घटनांचा, म्हणजे लंडनमधील शिलकीचा व बंगालमधील मृत्यूंचा, कार्यकारणसंबंध सरळ रेषेचा आहे असे येथे म्हणावयाचे नाही. पण दोन्ही एकाच अर्थव्यवहाराच्या दोन टोकांस होत्या, हे नाकारता येणार नाही. ज्यास आपण संचय म्हणतो तो येथे इच्छेने केलेली बचत नव्हता. तो लादलेला उपास होता. ‘गंगाजळी’ ह्या शब्दातील पुण्याईचे गृहीत ह्या ठिकाणी फारच जड जाते.

४

दुसरा प्रश्न किल्लीचा. ऋणकोच्या घरी ठेवलेली शिलकी ही शिल्लक नव्हे, येणे होय. हा भेद सावकारी व्यवहारात प्रत्येक खेडुतास कळतो. परंतु राष्ट्रांच्या व्यवहारात तो पटविण्यास भारतीय प्रतिनिधींना फार प्रयास पडले.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या स्थापनेसाठी परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेते वित्त सदस्य सर जेरेमी रेझमन हे होते. परंतु त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हेही होते. रायगड जिल्ह्यातून पुढे आलेल्या देशमुखांकडे बँकेची सूत्रे आदल्याच वर्षी आली होती. युद्धकाळात साचलेल्या शिलकीचा काही भाग तरी नाणेनिधीच्या द्वारे इतर चलनांत बदलून मिळावा, अशी भारताची मागणी होती. यंत्रसामग्री मुख्यतः अमेरिकेकडून मिळणार होती. पौंडांचे डॉलर झाल्यावाचून ती विकत घेता येणार नव्हती. श्रॉफ ह्यांनी ही बाजू जोराने मांडली. ब्रिटनच्या वतीने केन्स ह्यांनी ऋण मान्य केले, पण त्याचा निकाल संबंधित देशांनी आपसांत लावावा अशी भूमिका घेतली. अमेरिकेनेही मागणीस पाठिंबा दिला नाही, आणि ती फेटाळली गेली. तीस वर्षांपूर्वी ज्या पद्धतीची केन्स ह्यांनी स्तुती केली होती, त्या पद्धतीतील साठा उपयोगात आणण्याची वेळ आली तेव्हा त्यांना ऋणकोच्या बाजूने उभे राहावे लागले, हा इतिहासाचा योग विचार करण्यासारखा आहे.

त्यानंतर ह्या येण्याला गळती लावण्याचे प्रयत्न झाले. युद्धात भारताचे रक्षण झाले, सबब ह्या रकमेत सूट मिळावी, असा प्रतिदावा ब्रिटिश राजकीय वर्तुळात मांडला जात होता. डिसेंबर १९४५ च्या आंग्ल-अमेरिकन कर्जकरारातही अशा शिलकींचा काही भाग ‘समायोजित’ करण्याची कल्पना नमूद झाली होती. ‘समायोजन’ ह्या सौम्य शब्दाचा अर्थ येथे ‘सोडून देणे’ असा होता. भारताने ती सूट दिली नाही. ऑगस्ट १९४७ च्या करारान्वये शिलकीचे दोन खात्यांत विभाजन झाले : पहिल्या खात्यातील रक्कम चालू व्यवहारांसाठी मोकळी, आणि दुसऱ्या खात्यातील गोठविलेली. आरंभी मोकळी केलेली रक्कम एकूण येण्याच्या मानाने अगदी लहान होती. जुलै १९४८ च्या करारात भारताने ब्रिटनने मागे ठेवलेल्या लष्करी साहित्याबद्दल १० कोटी पौंड दिले, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची पुढील तजवीज म्हणून केंद्र व प्रांत मिळून सुमारे १६ कोटी ८० लाख पौंडांची वार्षिकी खरेदी केली. फाळणीनंतर पाकिस्तानचा वाटाही द्यावयाचा होता. ‘होम चार्जेस’मधील एक प्रमुख बाब अशा रीतीने स्वतंत्र भारताच्या गंगाजळीतून एकरकमी चुकती झाली.

सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणण्यात आली, आणि रुपयाने पौंडाचे अनुकरण केले. स्टर्लिंग क्षेत्रातील खरेदीपुरते ह्यामुळे काही बिघडले नाही. पण डॉलरच्या मापाने गोठलेल्या शिलकीची क्रयशक्ती एका दिवसात सुमारे तीस टक्क्यांनी घटली. धनकोच्या येण्याचे मोल ऋणकोच्या निर्णयाने उतरले. देवघरातील गडूच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

५

उरलेला साठा नियोजनासाठी वापरावयाचा, हे ठरलेलेच होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. ज्या पिढीने उपास काढले तिच्या मुलांसाठी पोलादाचे कारखाने व धरणे उभारण्यास हा पैसा लागावा, हा त्याचा उचित विनियोगच होय. पहिल्या पंचवार्षिक योजनेत अनुकूल पाऊसपाणी व कोरियन युद्धामुळे वाढलेले निर्यातीचे भाव ह्यांमुळे अपेक्षेपेक्षा कमी रक्कम काढावी लागली. ह्या सौम्य अनुभवावरून पुढचा अंदाज बांधला गेला, ही चूक ठरली.

दुसरी योजना १९५६ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांत साठ्यातून २०० कोटी रुपये वापरावे असे तिच्यात धरले होते. प्रत्यक्षात अवजड यंत्रसामग्रीची आयात, खाजगी उद्योगांस उदारपणे दिलेले आयात-परवाने, संरक्षणखर्च आणि धान्याची आयात ह्या सर्वांचा भार एकदम पडला. आणि मार्च १९५६ मध्ये जो चलनसाठा सात-आठशे कोटी रुपयांच्या दरम्यान होता तो दोन वर्षांत निम्म्याहूनही खाली आला. १९५७ मध्ये नाणेनिधीकडून २० कोटी डॉलर घ्यावे लागले. आयातीवर कडक निर्बंध आले. आणि ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारतास साहाय्य करणाऱ्या देशांची पहिली बैठक झाली.

ह्याच सुमारास कायद्यात जो बदल झाला तो आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९५६ च्या दुरुस्तीने प्रमाणाची जुनी अट जाऊन नोटांच्या पाठीशी ४०० कोटी रुपयांचे परकीय रोखे व ११५ कोटी रुपयांचे सोने इतका किमान साठा असावा असे ठरले. वर्षभरात ही मर्यादाही पाळणे अशक्य दिसू लागले, तेव्हा १९५७ मध्ये ती एकंदर २०० कोटींवर, त्यात ११५ कोटींचे सोने, अशी खाली आणली गेली. चाळीस कोटींचे सोने ११५ कोटींचे झाले ते सोने वाढले म्हणून नव्हे. तोळ्याचा हिशेबी भाव सुमारे २१ रुपयांवरून साडेबासष्ट रुपये धरण्यात आला म्हणून. ह्या बदलावर त्या काळी टीका झाली. परंतु त्यातील तत्त्व योग्य होते. देशांतर्गत नोटांच्या पाठीशी परकीय साठा ठेवणे ही सुवर्णपरिमाणाच्या काळातील समजूत होती. साठ्याचे खरे काम बाहेरचे देणे भागविणे हे आहे, ही जाणीव ह्या दुरुस्तीत आहे. मात्र तत्त्व योग्य असले तरी ते सुचण्याची वेळ टंचाईची होती, आणि म्हणून सुधारणा सवलतीसारखी दिसली.

६

१९५८ नंतरच्या तीन दशकांचा इतिहास हा साठ्याचा नसून टंचाईच्या व्यवस्थापनाचा आहे. परवाने, कोटा आणि साहाय्य ह्यांवर शोधनशेष तोलून धरला जाई. ६ जून १९६६ रोजी रुपयाचा दर डॉलरला ४.७६ वरून ७.५० झाला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, पण आखाती देशांत गेलेल्या कामगारांनी धाडलेल्या रकमांनी तो भार काही अंशी हलका केला. नवव्या दशकात मात्र चालू खात्यातील तूट अल्प मुदतीच्या कर्जांनी व अनिवासी भारतीयांच्या ठेवींनी भरून काढण्याची सवय जडली.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेल महागले, आखातातून येणाऱ्या रकमा थांबल्या, राजकीय अस्थैर्यामुळे पत घसरली, आणि ठेवी परत जाऊ लागल्या. १९९१ च्या जूनमध्ये परकीय चलन जेमतेम एक अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. त्या वर्षी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोने स्वित्झर्लंडच्या एका बँकेस परत खरेदीच्या हक्कासह विकून सुमारे २० कोटी डॉलर उभारण्यात आले. आणि जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान ह्यांच्याकडून ४० कोटी डॉलरच्या थोडे वर कर्ज घेतले. पहिला व्यवहार आपल्याकडील जुन्या दस्तऐवजांतील ‘मुदतखरेदी’च्या जातीचा, आणि दुसरा सरळ ‘गहाणा’चा. जनमानसाने मात्र हा भेद केला नाही. दोन्ही मिळून ‘देशाचे सोने गहाण पडले’ अशी एकच स्मृती उरली. जनतेचा हा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने सैल असला तरी भावार्थाने चुकीचा म्हणता येणार नाही.

येथे प्रथमच ‘गंगाजळी’ हा शब्द आपल्या मूळ अर्थास जागला असे म्हणता येईल. अडचणीच्या शेवटच्या घटकेस गडू उघडला गेला. पण त्या गडूत पुरेसे काही राहिले नव्हते, ह्याचे कारण आधीच्या वर्षांत वरच्या ओळी कोणी गांभीर्याने वाचल्या नव्हत्या.

७

१९९१ च्या धक्क्याने धोरणाची दिशा पालटली. जुलैच्या आरंभी रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. आणि साठा वाढविणे हे धोरणाचे उद्दिष्टच बनले. २००३ मध्ये तो शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला, २०२१ मध्ये सहाशे अब्जांच्या वर, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने सातशे अब्जांची रेषा ओलांडली. २००९ मध्ये भारताने नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले.

ह्या वाढीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. २००८-०९ च्या जागतिक अरिष्टात साठा सुमारे ३१० अब्ज डॉलरवरून २५२ अब्जांवर आला आणि तरीही देशास कोणाच्या दारी जावे लागले नाही, हे त्याचे प्रत्यक्ष फळ होय. तथापि आपले तीन प्रश्न येथेही विचारावयास हवेत.

साठा कशातून आला? चालू खात्यातील आधिक्यातून फारसा नव्हे. ह्या शतकात २००१ ते २००४ ही तीन आर्थिक वर्षे आणि २०२०-२१ हे वर्ष सोडले, तर चालू खाते प्रायः तुटीचेच राहिले आहे. साठा वाढला तो परकीय भांडवल, गुंतवणूक, ठेवी व कर्जे ह्यांच्या ओघामुळे. समोरच्या रकान्यात काय आहे? मार्च २०२४ अखेर चलनसाठा सुमारे ६४५ अब्ज डॉलर होता, आणि देशाचे बाह्य कर्ज त्याहून थोडे अधिक होते. विदेशी गुंतवणूकदारांचे समभाग त्यात धरलेले नाहीत. शिवाय रिझर्व्ह बँक डॉलर विकत घेते तेव्हा रुपये बाजारात सोडते, आणि ते पुन्हा शोषून घेण्यासाठी २००४ मध्ये सरकारला खास रोखे काढण्याची योजना करावी लागली. निधी व देणे एकत्र वाढतात, हा आंबेडकरांचा सिद्धांत पद्धत बदलली तरी जुना झालेला नाही.

आणि किल्ली कोणाच्या हाती? ह्या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारी २०२२ नंतर सर्व जगाने पाहिले. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे तीनशे अब्ज डॉलर किमतीची मालमत्ता पाश्चात्य देशांनी गोठविली. त्या कृतीच्या न्याय्यतेची चर्चा वेगळी. परंतु दुसऱ्याच्या वहीतील जमा ही त्या दुसऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते, हे १९४४ मध्ये ऋणको असलेल्या मित्राने भारतास शिकविलेले सत्य त्यातून पुन्हा प्रकट झाले. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे शंभर टन सोने ब्रिटनमधून मायदेशी आणले, ह्या घटनेकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

ह्या सर्व विवेचनातून दोन परस्परविरोधी चित्रे समोर येतात. १९४६ चा साठा मालाच्या व श्रमाच्या मोबदल्यात मिळालेला होता, त्यासमोर परकीयांचे फारसे देणे नव्हते. पण तो मनास येईल तसा वापरता येत नव्हता. आजचा साठा बऱ्याच अंशी वापरता येतो; पण त्यासमोर देण्याचा मोठा रकाना उभा आहे. पहिला कष्टाचा पण परस्वाधीन. दुसरा स्वाधीन पण बराचसा उसना. दोहोंना आपण एकच नाव देतो, आणि त्या नावामुळे दोहोंतील भेद झाकला जातो.

भाषेच्या अभ्यासकाने रूढ शब्द बदलण्याचा आग्रह धरू नये. तो व्यर्थ असतो. ‘गंगाजळी’ हा शब्द राहणार, आणि त्यात असलेली संयमाची शिकवण राहावी हेही इष्ट आहे. मात्र आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो वाचताना आपल्या जुन्या पेढ्यांची शिस्त स्मरावी. तेथे शिलकीचा आकडा कधीही एकटा वाचला जात नसे. जमेची बाजू वाचून झाली की नावेची बाजू वाचली जाई, आणि मगच वहीवर हात ठेवला जाई. भारताच्या शोधनशेषाचा इतिहास लिहिताना १,७०० कोटींच्या जमेशेजारी १९४३ चा बंगाल मांडावयाचा की नाही, हा निव्वळ आकडेमोडीचा प्रश्न नाही. ती नावेची बाजू आहे, आणि तिच्यावाचून हिशेब पुरा होत नाही.